न दिलेला घास

“...पण भंते, जो माणूस कुणाकडून काहीच घेत नाही, त्याच्याकडे लोक पाठ का फिरवतात?”

उत्पला बोलायला लागली होती ती विहाराच्या फाटकापासूनच. प्रश्न संपला तेव्हा ती ओसरीच्या वरच्या पायरीवर होती आणि तिला धाप लागली होती.

भंते खेमानंद चटईवर बसले होते. त्यांनी चीवराची कड गुडघ्याखाली सारली आणि वर पाहिले.

“बस,” ते म्हणाले.

ती बसली. हातातला स्टीलचा डबा तिने दोघांच्या मध्ये, फरशीवर ठेवला. भागरथा आजीने दिलाय, म्हणाली. आज भोजनदानाची पाळी आजीची होती, पण गुडघे धरल्यामुळे तिला विहारापर्यंत चालवत नव्हते. उत्पला इकडेच येते आहे हे पाहून तिने दारातूनच हाक मारली आणि डबा तिच्या हाती दिला. “भंतेला म्हणजो, पाय साथ देत नाही, म्हणून आली नाही जी.”

भंतेंनी डब्याकडे पाहिले. मग पुन्हा उत्पलाकडे.

“आणि प्रश्न काय होता?”

तिला एवढे निमित्त पुरे होते.

उत्पला रामटेके या गावची सरपंच. गाव भंडाऱ्याकडचे, धानाचे. याच ओसरीवर ती अक्षरे गिरवायला शिकली, पुढे शिष्यवृत्ती मिळवून सातासमुद्रापलीकडे गेली आणि राज्यशास्त्र शिकली. माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, स्वतःच्या मनाचा कौल मानावा, असे ज्या ज्या जुन्या तत्त्वज्ञांनी सांगितले, इकडच्यांनी आणि तिकडच्यांनी, त्या सगळ्यांना तिने तिथल्या ग्रंथालयात रात्ररात्र वाचून काढले. पण तो धडा तिला पहिल्यांदा दिला होता भंतेंनीच, ती परकरात होती तेव्हा. आपला आधार आपण व्हावे; दुसरा शोधत बसू नये. ते वाक्य ती बर्फाच्या गावी घेऊन गेली आणि जसेच्या तसे परत घेऊन आली. तिकडे चांगली नोकरी मिळत होती, ती तिने नाकारली. गावात आली, निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली.

निवडून आल्या दिवशीच तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. पुढारी मिंधा व्हायला सुरुवात होते ती चहापासून. आज चहा, उद्या जेवण, परवा कुणाची तरी गाडी, आणि मग एक दिवस कुणाचा तरी कागद समोर येतो आणि सही करावी लागते. तेव्हा कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. पाण्याची बाटली स्कूटरला लटकवलेली. जेवणाचा डबा स्वतःचा. हार नाही, नारळ नाही, शाल नाही. हातपंप बिघडला तर मिस्त्रीची वाट न पाहता ती पाना घेऊन स्वतः बसायची. म्हाताऱ्यांचे अर्ज स्वतः लिहायची आणि तालुक्याला स्वतः नेऊन द्यायची. बरोबर येतो म्हणणाऱ्याला, कशाला त्रास, असे म्हणून घरी पाठवायची.

सुरुवातीला गावाला याचे फार कौतुक होते. आमची सरपंच कुणाचं पाणीही पीत नाही, असे लोक बाजारात सांगत. पुढे सांगेनासे झाले. पुढे तर ती गल्लीत आली की लोक बोलणे थांबवत, ती जाईपर्यंत अदबीने उभे राहत, आणि मग पुन्हा बोलायला लागत.

आता प्रश्न बोडीचा होता. बोडी म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला जुन्या माणसांनी पाळ घालून अडवलेला लहानसा तलाव. तिच्यावर खालची धानाची शेते पिकत, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरे चालत, आणि अर्ध्या गावाच्या विहिरी तिच्यामुळेच उन्हाळा काढत. एका कंत्राटदाराला ती अर्धी बुजवून तिथे मंगल कार्यालय बांधायचे होते. त्यासाठी त्याला ग्रामसभेचा ठराव हवा होता. मागची सभा पुरेशी माणसे न आल्यामुळे तहकूब झाली. आज दुपारी ती पुन्हा भरणार होती, आणि तहकूब सभेला किती माणसे हवीत हे कुणी बघत नाही. येतील तेवढ्यांत ठराव होतो. कंत्राटदाराची माणसे येणार हे नक्की होते. उरलेले गाव येईल की नाही, याचा उत्पलाला भरवसा नव्हता. गाव आले नाही तर आज संध्याकाळी बोडी गेलेली असेल.

“तो माणूस दारोदार चहा पितो, भंते,” ती म्हणाली. “सकाळी एका टोकाला सुरुवात करतो आणि अख्खी गल्ली पिऊन काढतो.”

“पोट चांगलं असेल.”

ती हसली नाही.

“आणि लोक त्याला बसवून घेतात. त्याला! मी आजवर कुणाचा घोट घेतला नाही, आणि मला दारातून नमस्कार करतात.”

ओसरीसमोरच्या पिंपळाखाली ऊन सरकत होते. मुंग्यांची एक बारीक ओळ फरशीच्या फटीतून निघून डब्याच्या दिशेने चालली होती. भंते ती ओळ पाहत होते.

उत्पलाने मग तिचा सगळा विचार मांडला. तिकडे वर्गात मांडायची तसा, बोटे मोजत. ज्याला कशाचीच गरज नाही त्याला कुणी विकत घेऊ शकत नाही. आजचे राजकारण नासले आहे ते पुढारी लाचार आहेत म्हणून. कुणी वरच्याचा लाचार, कुणी पैशाचा, कुणी टाळ्यांचा. पुढारी असा हवा की त्याला कुणाचीच गरज नाही.

“कुणाचीच?” भंतेंनी विचारले.

“कुणाचीच.”

“आणि हे लोकांना कळलं की त्यांनी काय करायचं?”

“त्यांनीही तसंच व्हायचं.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

“मग सभा कशाला भरवतेस?”

...

उत्पला उठली. ओसरीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या मनात जे होते ते मागायला तिला जड जात होते, आणि जे जड जाते ते ती नेहमी उभ्याने बोलायची.

विहाराच्या माइकवरून तुम्ही फक्त एक वाक्य सांगा, अशी तिने विनंती केली. सगळ्यांनी सभेला यावे, एवढेच. बोडीचे नाव नको, माझे नाव नको. तुमचा शब्द या गावात कुणी मोडत नाही.

“म्हणूनच तो मी जपून वापरतो,” भंते म्हणाले.

“एकदाच, भंते.”

“माझ्या सांगण्यावरून आले, तर माझ्या सांगण्यावरून बसतील. मी म्हणेन तेव्हा हात वर करतील. ती सभा कुणाची?”

“बोडी तर वाचेल.”

“या खेपेला वाचेल.”

“या खेपेचंच बघायचंय मला!” तिचा आवाज चढला आणि तिला स्वतःलाच तो ऐकू आला. ती खाली बसली. “तुम्हीच शिकवलंत ना, स्वतःवर उभं राहायला? मी राहिले. आता ते राहत नाहीत, हा माझा दोष?”

मुंग्या डब्यापर्यंत पोचल्या होत्या. एकदोन कडेने वर चढत होत्या.

ती बोलत राहिली. हातपंपाचे बोलली, अर्जांचे बोलली. तिकडे असताना एकटीने काढलेल्या हिवाळ्यांचे बोलली, की तेव्हा तुमचं ते एक वाक्य होतं म्हणून मी मोडले नाही. बोलता बोलता ती पुन्हा बोडीवर आली.

आत भिंतीवरचे घड्याळ वाजायला लागले. सावकाश, बारा ठोके.

भंते हात टेकून उठले. माठापाशी गेले. पेलाभर पाणी घेऊन उभ्याने न पिता खाली बसून प्यायले, पेला विसळून पालथा घातला आणि परत चटईवर येऊन बसले.

उत्पलाचे लक्ष तेव्हा डब्याकडे गेले.

“अगंबाई. भंते, जेवून घ्या ना, माझ्या नादात...”

ती मध्येच थांबली.

“बारा वाजून गेले,” भंते म्हणाले.

“पण डबा तर इथंच होता. तुमच्या हाताशी.”

“होता.”

“मग?”

“कुणी दिला नाही.”

उत्पलाला हे माहीत नव्हते असे नाही. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असते. भिक्खूने न दिलेले घ्यायचे नाही. शेजारी ठेवलेले अन्न हे ठेवलेले असते, दिलेले नसते. ते उचलून, वाकून, त्याच्या हातात द्यावे लागते. तेव्हा ते त्याचे होते. आणि दुपार झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत घास नाही. लहानपणी, भंतेंच्या हातात ताट द्यायचा मान आपल्याला मिळावा म्हणून तिने चुलतबहिणीच्या झिंज्या उपटल्या होत्या.

आणि आज डबा तिने ठेवून दिला होता. एखादी फाइल टेबलावर ठेवावी तसा.

“एक शब्द तरी बोलायचा, भंते.”

“मागायचं नसतं.” मग त्यांच्या डोळ्यांत हसू आले. “आणि तू थांबलीस कुठं?”

ती हसली असती, पण तिला रडू यायला लागले होते, आणि रडू येऊ नये म्हणून ती रागावली. हे कसलं स्वावलंबन, तिने विचारले. मला सांगितलंत आपला आधार आपण व्हा. आणि तुम्ही? हाताशी ठेवलेला भात उचलून तोंडात घालू शकत नाही.

“नाही घालू शकत.”

“रोज कुणाच्या ना कुणाच्या हाताकडे बघायचं. म्हणजे तुम्ही सगळ्या गावाचे मिंधे.”

“आहेच की,” भंते सहज म्हणाले. “हे चीवर गावाचं. चप्पल गावाची. ही हाडं उभी आहेत ती भागरथाच्या आणि तिच्यासारख्या बायांच्या भातावर.”

“मग तुमचं स्वतःचं काय आहे?”

भंतेंनी विचार केला. खरोखरच केला. खेळून आलेले पोर खिसे चाचपून बघते, तसा.

ते शोधत असतानाच उत्पलाला एक जुनी गोष्ट आठवली. गावात ती सगळ्यांना पाठ आहे. ज्यांनी या ओसरीला फरशी घातली, ते विहार समितीचे त्या वेळचे अध्यक्ष. त्यांनी सुनेला माहेरी हाकलून दिले होते आणि कुणी त्यांना बोलायला धजत नव्हते. एकदा त्यांनी भंतेंना घरी जेवायला बोलावले. बासमतीचा भात होता, चार भाज्या होत्या, पन्नास पाहुणे होते. भंते पोटभर जेवले. हात धुतले. आणि त्याच पाटावर बसून, पाहुण्यांच्या देखत, यजमानांना म्हणाले, अन्न उत्तम होते, पण या घरात एक माणूस कमी आहे. अध्यक्षांनी नंतर कितीतरी महिने त्यांचे तोंड पाहिले नाही. मग एक दिवस सून परत आली आणि भंतेंना पुन्हा बोलावणे आले. भंते गेले आणि पुन्हा पोटभर जेवले.

“त्या वेळी भीती नाही वाटली?” उत्पलाने विचारले. कोणत्या वेळी, हे सांगावे लागले नाही.

“वाटली ना. भात फार चांगला असायचा त्यांच्याकडे.”

आता मात्र ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले ते तिने पदराने पुसले नाहीत, तिच्या अंगावर कुर्ता होता, मनगटाने पुसले.

भंतेंनी तिला वेळ दिला. मग विचारले,

“भागरथाच्या घरी शेवटची कधी जेवलीस?”

...

तिला एक कप दिसत होता.

निवडणुकीत भागरथा आजी तिच्यासाठी उन्हातान्हात घरोघर फिरली होती. तेव्हा तिचे गुडघे धड होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी उत्पला तिच्या ओट्यावर गेली, तर आजीने दुधाचा चहा केला आणि सोनेरी कडेच्या नव्या कपात तिच्यापुढे धरला. उत्पलाने हात जोडले. आजी, नियम केलाय, सगळ्यांसाठी एकच. आजी “बरं बाई” म्हणाली. कप हातात घेऊन तशीच थोडा वेळ उभी राहिली. आणि तेव्हापासून ती दारातून बोलते. आज डबा देतानाही आत ये म्हणाली नव्हती.

“या वस्तीत पूर्वीही यायची वरच्या जातीची माणसं,” भंते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की तिला पुढे झुकावे लागले. “तलाठी यायचा. मास्तर यायचा. काही फार भली माणसं होती. ओट्याच्या खाली उभं राहून काम करून द्यायची. पाणी देऊ का विचारलं की म्हणायची, नको, तहान नाही.”

उत्पलाचा चेहरा उतरला.

“भंते, माझं कारण वेगळं होतं.”

“वेगळंच होतं.”

“मी याच वस्तीतली आहे.”

“याच वस्तीतली.”

“मग आजीला तेवढं कळू नये?”

“कारण तुझ्या मनात होतं, बेटा. तिच्या हातात कप होता.”

...

पिंपळाची पाने हलली आणि थांबली. दूर ग्रामपंचायतीसमोर कुणीतरी खुर्च्या उतरवत होते. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

उत्पलाने डबा उचलला. त्यावरच्या मुंग्या फुंकरीने उडवल्या. गुडघ्यांवर येऊन, दोन्ही हातांनी, तो भंतेंपुढे धरला, आणि लहानपणी म्हणायची ते शब्द म्हणाली. स्वीकार करा.

भंतेंनी हात जोडले. “उद्या.”

“मग हे कुणाला तरी द्या. वाया जाईल.”

“माझं असतं तर दिलं असतं. अजून ते भागरथाचंच आहे.”

“म्हणजे मी भरलेला डबा तिच्याकडे परत घेऊन जाऊ?”

भंते काही बोलले नाहीत.

त्या बाईने पहाटे उठून, दुखऱ्या गुडघ्यांनी चुलीपाशी बसून भात रांधला होता, लाखोळीच्या डाळीचे वरण केले होते. त्या बाईच्या हातचे एकदा तिने परत केले होतेच. दुसरं काहीही सांगा, ती म्हणाली. सभेला आता थोडाच वेळ आहे. मला घरोघर जायचंय, लोकांना बोलवायचंय. आजीकडे मी उद्या जाईन, परवा जाईन, तिच्या पाया पडेन.

“घरोघर जा की,” भंते म्हणाले. “रस्त्यात पहिलं घर तिचंच लागतं.”

माइकची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. ती पायऱ्या उतरली आणि चपला घातल्या. स्कूटरच्या हँडलला तिची पाण्याची बाटली लटकत होती. डबा कुठे अडकवावा हे तिला सुचेना, म्हणून तो छातीशी धरून ती तिथेच उन्हात उभी राहिली. परदेशातल्या मोठमोठ्या सभागृहांत न अडखळता बोललेली मुलगी. पण रस्त्यातल्या पहिल्याच दारात काय बोलावे, ते तिला कळत नव्हते.

“भंते, आजीला सांगू तरी काय? मी चुकले म्हणू? तुम्ही उपाशी राहिलात म्हणू? बोडीसाठी सभेला या म्हणू?”

भंते ओसरीच्या कडेला आले होते. सकाळपासून पोटात काही नसलेला तो म्हातारा माणूस खांबाला एक हात लावून उभा होता, आणि तिच्याकडे असा पाहत होता, जसे तिला पहिल्यांदा शाळेत पाठवताना पाहिले असेल.

“यातलं काही नको,” ते म्हणाले. “म्हण, आजी, भूक लागली.”